उरल्यासुरल्या पेशींची धास्ती

पाळी जाऊन वर्षे लोटली आणि पुन्हा अंगावरून जाऊ लागले, की बाई घाबरते. काही दिवस कोणाला सांगत नाही, पण शेवटी दवाखान्यात जाते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग लवकर सापडतो तो मुख्यतः या एका खुणेमुळे. अंडाशयाचा किंवा स्वादुपिंडाचा रोग पोटात गुपचूप पसरत राहतो. हा मात्र बहुतेक वेळा पिशवीच्या आत असतानाच वर्दी देतो. पिशवी, दोन्ही नळ्या आणि अंडाशये काढली की यांतल्या बहुतांश बायकांचा आजार तिथेच संपतो. तरीही गेल्या शतकभरात शस्त्रक्रियेला जोडून 'आणखी काहीतरी' देण्याची रीत सुटली नाही. आधी रेडियम, मग बाहेरून दिलेला किरणांचा शेक, मग संप्रेरकांची इंजेक्शने आणि अखेर केमो. या रीतीचा इतिहास तपासला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जोडउपचार कोणता द्यायचा हे ठरवताना समोरचा रोग कसा आहे यापेक्षा त्या काळी हाताशी काय आहे याचाच वरचष्मा राहिला. आणि एकामागून एक चाचण्या धड होकार ना नकार देत राहिल्या, याचे मोठे कारण औषधांत नसून मोजणीत होते: निदान चार वेगळे रोग एकाच नावाखाली मोजले जात होते.

रेडियमपासून सुरुवात करू. स्टॉकहोममधील रेडियमहेमेट हे रुग्णालय 1910 सालचे. तिथल्या जेम्स हेमन यांनी 1930च्या दशकात एक पद्धत रूढ केली: पिशवीच्या पोकळीत रेडियमच्या अनेक लहान कुप्या ठासून भरायच्या, म्हणजे वेड्यावाकड्या पोकळीच्या कानाकोपऱ्यालाही पुरेसे किरण पोहोचतात. हा रोग होणाऱ्या अनेक बायका स्थूल असत, मधुमेह आणि रक्तदाब सोबतीला असे, आणि त्या काळच्या भुलीत मोठे ऑपरेशन झेपेल याची खात्री नसे. त्यांच्यासाठी हा उपाय खरोखर मोलाचा होता. पण पुढे ज्यांचे ऑपरेशन होणारच होते त्यांनाही रेडियम मिळू लागले, कधी आधी, कधी नंतर. पिशवी काढल्यावर रोग उलटला तर तो बरेचदा योनीच्या वरच्या टोकाशी उलटतो, म्हणून तिथे किरण द्यावेत, हा विचार पटण्याजोगा होता. पटण्याजोगा होता म्हणूनच बहुधा तो तपासायची निकड कोणाला वाटली नाही. याच हेमन यांनी 1937 पासून राष्ट्रसंघाच्या आश्रयाने निरनिराळ्या रुग्णालयांच्या निकालांचे अहवाल संपादित केले. निकालांची तुलना करायची तर रोग किती पुढे गेला आहे याच्या ठरीव पायऱ्या हव्यात, ही शिस्त त्या कामातून घट्ट झाली. पायऱ्या मात्र फार काळ ढोबळच राहिल्या. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिगोच्या, 1971 सालच्या नियमात पहिल्या पायरीचे दोन भाग पाडले होते ते पिशवीच्या पोकळीची लांबी आठ सेंटिमीटरच्या आत आहे की बाहेर, यावर. पिशवीत साध्या गाठी असल्या तरी पोकळी लांबते! रोग स्नायूत किती खोल रुतला, लसीका ग्रंथींत गेला का, हे ऑपरेशननंतर प्रत्यक्ष पाहून पायरी ठरवण्याचा नियम 1988 साली आला.

या ढोबळ पायऱ्यांच्याच काळात ऑस्लोच्या नॉर्वेजियन रेडियम रुग्णालयात एक चाचणी झाली, आणि या इतिहासातला तो पहिला प्रामाणिक हिशेब म्हणायला हवा. 1968 ते 1974 या काळात पहिल्या पायरीच्या 540 बायकांवर शस्त्रक्रिया झाली, सगळ्यांना योनीमार्गे रेडियम मिळाले, आणि त्यानंतर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून साधारण निम्म्या जणींना ओटीपोटावर बाहेरून शेक दिला गेला. निकाल 1980 साली छापून आला. ज्यांना शेक मिळाला त्यांच्यात योनीत आणि ओटीपोटात रोग उलटण्याचे प्रमाण 6.9 टक्क्यांवरून 1.9 टक्क्यांवर आले. इतपत वाचून कोणीही शेकाच्या बाजूने कौल दिला असता. पण त्याच गटात रोग दूरवर, फुप्फुसात वगैरे, निघण्याचे प्रमाण जास्त होते, आणि पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचा आकडा दोन्ही गटांत जवळजवळ सारखा राहिला. जागेवरचा रोग आवरला, आयुष्य वाढले नाही. अनेक वर्षांनी, 2013 साली, याच बायकांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध झाला तेव्हा आणखी अवघड गोष्ट पुढे आली: ज्या साठीच्या आतल्या होत्या त्यांच्यात शेक घेतलेल्यांना पुढे दुसरा एखादा कर्करोग होण्याचा धोका वाढलेला होता आणि मृत्यूही जास्त होते. उपचाराचे देणे फेडायला वीस वर्षे लागू शकतात, आणि पाच वर्षांच्या निकालात ते दिसत नाही.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. आयुष्य वाढले नाही म्हणून उपचार व्यर्थ कसा? रोग उलटणे हेच एक संकट आहे. ते टळले तर काहीच मिळाले नाही असे कसे म्हणावे? याचे उत्तर नेदरलँड्समधील चाचण्यांनी टप्प्याटप्प्याने दिले. पोर्टेक-1 या चाचणीत 715 बायका होत्या. निकाल 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पाच वर्षांत जागेवर रोग उलटण्याचे प्रमाण शेक न घेतलेल्यांत 14 टक्के, घेतलेल्यांत 4 टक्के. जगण्याच्या प्रमाणात लाभ नाही. पण उलटलेला रोग बहुतेकींच्या बाबतीत योनीतच होता, आणि पूर्वी शेक न घेतलेल्या बाईला त्या वेळी शेक देऊन तो पुष्कळदा पुन्हा काढता येत होता. आधीच शेक खर्च झालेल्या बाईकडे हा मार्ग उरत नव्हता. मग पोर्टेक-2 ने विचारले की संपूर्ण ओटीपोट भाजण्याऐवजी फक्त योनीच्या टोकाशी आतून किरण दिले तर? 427 बायकांच्या या चाचणीत योनीतला रोग दोन्ही प्रकारांत दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला, आणि आतून किरण घेतलेल्यांना जुलाब, आतड्याच्या तक्रारी, रोजच्या जगण्यातली अडचण कमी झाली. म्हणजे आक्षेप मान्य करूनही निष्कर्ष निघतो तो कमी देण्याकडे झुकणारा. सर्वांना नको, आणि ज्यांना हवे त्यांना पूर्वीइतके नको.

संप्रेरकांचे प्रकरण छोटे आहे, पण बोलके. 1961 साली केली आणि बेकर यांनी पसरलेल्या रोगात प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधे देऊन काही बायकांच्या गाठी आक्रसल्याचे दाखवले. इस्ट्रोजेन अस्तराला वाढवते आणि प्रोजेस्टेरॉन आवरते, हे शरीरशास्त्र स्पष्ट होते. 1975 साली अमेरिकेत पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत हा कर्करोग कितीतरी जास्त आढळल्याचे दोन अभ्यास आले तेव्हा तर शंकेला जागा राहिली नाही. मग शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांनाच ही इंजेक्शने का देऊ नयेत? नॉर्वेत हजाराहून अधिक बायकांवर हे करून पाहिले. 1989 साली आलेल्या निकालात जगण्याचा लाभ शून्य होता, उलट कर्करोगाखेरीज अन्य आजारांनी होणारे मृत्यू औषध घेतलेल्या गटात जास्त होते. तर्क बरोबर असूनही उपचार चुकला. प्रत्येक गाठ त्या संप्रेरकाचे ऐकत नाही, आणि कोणती ऐकते हे न पाहता औषध सरसकट दिले गेले होते.

केमोचा विचार या रोगात घरचा नव्हताच. तो स्तनांच्या कर्करोगाकडून उसना आला. ऑपरेशननंतर शरीरात डोळ्यांना न दिसणाऱ्या थोड्या पेशी उरतात, त्या थोड्या असतानाच औषधाने माराव्यात, हे तत्त्व अलाबामात हॉवर्ड स्किपर यांनी रक्तकर्करोग दिलेल्या उंदरांवर 1960च्या दशकात मांडले. 1976 साली मिलानमध्ये जान्नी बोनादोन्ना यांनी स्तनांच्या कर्करोगात तीन औषधांचे मिश्रण देऊन ते माणसात खरे ठरू शकते असे दाखवले. त्याच शहरातल्या फार्मितालिया कंपनीने डॉक्सोरुबिसिन बाजारात आणले होते. इटलीच्या दक्षिणेकडील एका किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्या वाणापासून ते बनले, आणि एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे नाव एड्रियामायसिन पडले. रंग लालभडक, हृदयाच्या स्नायूवर परिणाम करणारे. पसरलेल्या गर्भाशय कर्करोगात ते काही काळ चालते असे दिसल्यावर अमेरिकेतील स्त्री-कर्करोग गटाने, गॉगने, लवकरच्या पण जोखमीच्या रोगात शस्त्रक्रिया आणि शेकानंतर ते देऊन पाहिले. 1990 साली निकाल आला: 181 बायका, फरक काहीच नाही. एवढ्या छोट्या चाचणीवरून औषध निकामी ठरवणे चूक, असे म्हणणारे बरोबरच होते. पुरावा न सापडणे म्हणजे नसल्याचा पुरावा नव्हे. पण हे वाक्य दुधारी आहे. त्याच्या आधाराने औषध देतही राहता येत नाही.

पुढचे पाऊल प्लॅटिनमचे. बार्नेट रोझेनबर्ग हे मिशिगनमध्ये जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत असताना प्लॅटिनमच्या विद्युतद्वारांतून सुटणाऱ्या संयुगानेच पेशींचे विभाजन थांबते, असे त्यांना 1965 च्या सुमारास आढळले. त्यातून सिस्प्लॅटिन निघाले. डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन यांची जोडी तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या रोगात, ऑपरेशननंतर, संपूर्ण पोटाच्या शेकापेक्षा सरस ठरली ती 2006 साली: पाच वर्षांचे जगणे 42 टक्क्यांवरून 55 टक्क्यांवर. किंमतही मोठी होती, उपचारामुळेच काही बायका दगावल्या. पुढे गेलेल्या रोगात ही किंमत देण्याजोगी वाटते. अडचण अशी की पुढच्या रोगातले यश मागच्या पायऱ्यांकडे फार सहज वाहत येते. जिथे शंभरातल्या पंचेचाळीस जणी पाच वर्षांत जातात तिथले गणित, जिथे पंधरा जातात तिथे लागू होत नाही, कारण बाकीच्या पंचाऐंशींना विष मिळते आणि लाभ कोणताच मिळत नाही. जपानमध्ये स्नायूत निम्म्याहून खोल रुतलेल्या रोगाच्या 385 बायकांना शेक किंवा तीन औषधांची केमो अशी वाटणी केली. 2008 चा निकाल बरोबरीचा. इटलीतल्या 345 बायकांच्या चाचणीतही बरोबरी. जपानी चाचणीतल्या एका मधल्या जोखमीच्या उपगटाला केमोचा लाभ दिसला, आणि अनेक लेखांनी तेवढेच उचलले. चाचणी संपल्यावर काढलेले उपगट नेहमीच काहीतरी देतात.

सगळ्यांत शिकवून गेली ती पोर्टेक-3. शेक विरुद्ध शेकासोबत आणि नंतर केमो अशी ही वाटणी. 2006 ते 2013 या काळात 686 बायका, नेदरलँड्स, ब्रिटन, इटली, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात पाच वर्षांचे जगणे 81.8 विरुद्ध 76.7 टक्के होते, आणि संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीला हा फरक उतरत नव्हता. त्याच बायकांचा पाठपुरावा थोडा लांबवून 2019 साली पुन्हा मोजले तर 81.4 विरुद्ध 76.1, आणि आता तो उतरत होता. फरक होता तेवढाच, पाच टक्के. कसोटीच्या अलीकडे असताना 'सर्रास देऊ नये' असा सूर, पलीकडे गेल्यावर 'चर्चा करून द्यावे' असा. आकडा आणि निर्णय यांचे नाते किती तकलादू असते ते यावरून कळते. पण खरी गोष्ट पायऱ्या वेगळ्या केल्यावर दिसली. तिसऱ्या पायरीत लाभ दहा टक्क्यांच्या घरात. पहिल्या-दुसऱ्या पायरीत दोनहून कमी. उपचार सुरू असताना गंभीर त्रास केमो घेतलेल्यांत 60 टक्के जणींना, न घेतलेल्यांत 12 टक्के जणींना झाला, आणि हातापायांना मुंग्या, बधिरपणा काहींचा वर्षानुवर्षे टिकला. बटण लावता न येणे, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकणे असे हे त्रास असतात. ते मृत्यूच्या तक्त्यात येत नाहीत. 2019 मध्येच आलेल्या गॉग-249 मध्ये लवकरच्या जोखमीच्या रोगात 601 बायकांपैकी निम्म्यांना ओटीपोटाच्या शेकाऐवजी आतून किरण आणि तीन वेळा केमो दिली. पाच वर्षांनी रोगाशिवाय राहिलेल्या दोन्हीकडे सारख्याच, 76 टक्के. केमोकडे त्रास जास्त, आणि ग्रंथींमध्ये रोग उलटणेही जास्त.

इथवरचा पुरावा पाहून कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला, लवकरच्या रोगात केमो नको. मला ते घाईचे वाटते. 2013 साली अमेरिकेतील कर्करोग-जनुक प्रकल्पाने 373 गाठींची जनुके वाचून 'नेचर'मध्ये दाखवले की हा एक रोग नाहीच. एका गटात पोली नावाच्या, डीएनएची नक्कल करणाऱ्या जनुकात दोष असतो. त्यामुळे पेशीत इतके बदल साचतात की शरीराची प्रतिकारशक्तीच तिला ओळखते. दुसऱ्यात डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली. तिसऱ्यात पी53 नावाचे, बिघडलेल्या पेशींना रोखणारे जनुक मोडलेले. चौथ्यात यांपैकी काहीच ठळक नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पोलीची गाठ अतिशय रानटी दिसू शकते, म्हणजे जुन्या निकषांनी तिला जास्तीत जास्त उपचार मिळणार. 2020 साली पोर्टेक-3 मधल्या 410 गाठी या चष्म्यातून पुन्हा पाहिल्या. पी53 मोडलेल्या बायकांत पाच वर्षे रोगाशिवाय राहणाऱ्या केमोसह 59 टक्के, केमोविना 36. पोलीच्या गटात केमोसह 100, केमोविना 97. दुरुस्ती बिघडलेल्या गटात केमोमुळे लाभ नाही, आकडा उलट किंचित कमीच. या सगळ्यांना एकत्र मोजले की हे फरक सरासरीत बुजतात. चार जातींचे धान्य एकत्र दळून पिठावरून प्रत्येकीची चव सांगावी, तसा तो पाच टक्क्यांचा वाद चालला होता.

यावरही नेमका आक्षेप असा की हे विश्लेषण नंतरचे आहे, आणि जपानी उपगटाबद्दल मी वर जी तक्रार केली तीच इथे लागू व्हायला हवी. अर्धी लागू होतेच. पी53 गटात एकूण शंभराच्या आसपास बायका होत्या, त्यांतल्या पहिल्या पायरीच्या तर आणखी कमी. पण फरक असा की जपानी उपगट वय, पायरी आणि गाठीची प्रत जुळवून तयार झाला होता, तर हे चार गट पोर्टेक-3 च्या निकालाशी संबंध नसलेल्या गाठींतून आधीच ठरले होते. शिवाय ते वेगवेगळ्या देशांतल्या मालिकांत त्याच क्रमाने पुन्हा दिसतात: पोली उत्तम, पी53 वाईट. 2023 साली फिगोने पायऱ्यांतच ही जनुके घेतली. पोलीदोषाची पिशवीपुरती गाठ आता सर्वांत खालच्या पायरीत आणि स्नायूत थोडीशी रुतलेली पी53 गाठ थेट दुसऱ्या पायरीत. पायरी म्हणजे रोग किती पसरला याची नोंद. तिच्यात स्वभाव मिसळू नये, शिवाय ज्यांच्याकडे ही तपासणी नाही त्यांचे काय, अशी टीका झाली. पहिला मुद्दा तात्त्विक आहे. दुसरा आपल्याला थेट भिडतो.

महाराष्ट्रात या रोगाचा हिशेब उशिरा सुरू झाला, कारण इथे गर्भाशय म्हटले की गर्भाशयमुखाचाच कर्करोग डोळ्यांपुढे येई. टाटा स्मारक रुग्णालय 1941 चे, मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 ची, देशातली पहिली. बार्शीची 1987 ची, ग्रामीण भागातली पहिली. या नोंदींत मुखाचा कर्करोग वर आणि अस्तराचा खूप खाली असे चित्र होते, म्हणून पश्चिमेतील बायकांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे उतरले. पोर्टेक-3 मध्ये भारतातली एकही बाई नव्हती. मुंबईच्या नोंदींत मुखाचा रोग घटत आणि अस्तराचा वाढत आला आहे, तेव्हा हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. जनुकतपासणी परवडणार नाही म्हणून सगळ्यांना केमो द्या, हा युक्तिवाद मात्र हिशेबातच बसत नाही. पी53 आणि दुरुस्ती-प्रथिने यांची तपासणी काचपट्टीवरच्या साध्या रंगप्रक्रियेने होते. महाग आहे ती फक्त पोलीची. सहा वेळची केमो, रक्ततपासण्या, गावाहून येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांपुढे त्या दोन रंगांचा खर्च किरकोळ आहे. दुरुस्तीच्या तपासणीतून कधी घराण्यात चालत आलेला दोष कळतो, आणि मग बहिणींना, मुलींना, मुलांनाही आतड्याच्या कर्करोगासाठी आधीच तपासून घेता येते. केमोच्या बाटलीतून एवढे निघत नाही.

रीत मात्र नव्या औषधासोबत पुन्हा डोके वर काढते. प्रतिकारशक्ती जागवणारे पेम्ब्रोलिझुमॅब शस्त्रक्रियेनंतर जोखमीच्या रोगात केमोला जोडून हजाराहून जास्त बायकांना दिले, त्या चाचणीचा निकाल 2024 साली आला. एकूण गटाला लाभ नाही. दुरुस्ती बिघडलेल्या गटात मात्र ठळक लाभ. आता रेन्बो नावाच्या चाचण्यांत उलट क्रम धरला आहे: आधी गाठीची जात, मग उपचार. पोलीच्या गटात उपचार कमी करून पाहायचा. पी53 गटात शेक आणि केमोला ओलापॅरिब या औषधाची जोड. दुरुस्ती बिघडलेल्यांत शेकासोबत प्रतिकारशक्तीचे औषध. आणि चौथ्या, काहीच ठळक नसलेल्या गटात, ज्यांच्या गाठीवर इस्ट्रोजेनचे ग्राहक सापडतात अशाच बायकांपुरती, केमोच्या समोर तुलनेला उभी केली आहे ती शेकानंतर दोन वर्षे घ्यायची प्रोजेस्टेरॉनची गोळी, नॉर्वेत 1989 साली सगळ्यांसाठी बाद ठरलेल्या औषधांच्याच जातीची.